काळ्या दारूची दुनळी

पाटील रायफल घेऊन गेले, त्यानंतर तासाभराने इस्माईलचाचांनी मला विचारलं, "नळ्यांच्या पोटावर काय लिहिलं होतं?"

नळ्या सोडवून ती खालची बाजू मी पाहिलीच नव्हती.

पनवेलला बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागून मला तेव्हा चार वर्षं झाली होती. चाचा तिथले मुख्य मिस्त्री. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावातले एक पाटील आजोबांची दुनळी रायफल तपासायला घेऊन आले होते. रानडुकरं भातात शिरत होती. लायसन होतं. काडतुसं त्यांनी मुंबईहून नवी आणली होती. मी एक घालून पाहिलं. नीट बसलं. नळ्या आतून साफ होत्या. ओके म्हणून परत दिली.

"घोडे बाहेरून, उघडायची चावी खाली?" चाचांनी विचारलं. मी हो म्हणालो. ही फार जुन्या घडणीची लक्षणं. त्यांनी कानस खाली ठेवली. मालक आतच बसले होते, पण त्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला नाही.

"बेटा, ती काळ्या दारूची असणार. सायकल काढ."

आधी बंदुका तोंडाकडून ठासत. मग नळ्या बिजागरीवर मोडून मागून भरायच्या रायफली आल्या. दारू, ठिणगी पाडणारी टोपी, गोळी, सगळं एकाच पितळी काडतुसात. पहिल्या रायफली काळ्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या दारूच्या हिशेबाने बनल्या. पुढे बिनधुराची दारू आली. तिचा जोर कितीतरी जास्त, पण काही काडतुसांचं माप तेच राहिलं. त्यामुळे नवं काडतूस जुन्या रायफलीत बसतं. रायफलीला ते झेपत नाही.

मी पोचलो तेव्हा हाकारे जमले होते आणि पाटील रायफल भरत होते. मी धापा टाकत बार काढू नका म्हणालो. ते चिडले.

"सकाळी तुमीच बोललात ना, बरी हाय म्हनून?"

"मी चुकलो, पाटील. नळ्या सोडवून बघायला हव्या होत्या."

चार माणसांसमोर हे बोलणं जड गेलं. नळ्या सोडवल्या. नवी दारू झेपते असं तपासून कारखाना पोटावर जो शिक्का मारतो, तो नव्हता. पाटलांना ते पटेना. शेवटी त्यांच्याच सांगण्यावरून रायफल बैलगाडीच्या चाकाला आवळून बांधली, सगळ्यांना बांधामागे बसवलं आणि मी लांबून दोरी ओढली.

डावी नळी मागच्या बाजूला वीतभर उलली होती. तिच्याखालचं लाकूड उडालं होतं. बार काढताना डावा हात तिथेच असतो. पाटील बराच वेळ आपल्या पंजाकडे बघत राहिले. मग मला घरात नेऊन जेवायला वाढलं.

आठवड्याने ते चाचांना भेटायला दुकानात आले. चाचा म्हणाले, "मी नुसतं विचारलं. सायकल याने मारली." माझ्या चुकीचा विषय त्यांनी पुढे कधीच काढला नाही. हे ऋण मोठं आहे.

रिटायर होईपर्यंत मी एकही जुनी बंदूक नळ्या सोडवून पाहिल्याशिवाय परत दिली नाही. गिऱ्हाईक थांबायला कंटाळतं. कंटाळू द्यावं.