सगळ्यांत मागे पळणारे अप्पा

लातूरच्या आमच्या धावपटू मंडळात पळताना माणसांशी बोलणारे शिवलिंगअप्पा एकटेच. बाकीचे मनगटावरच्या घड्याळाशी बोलत. कापडाचं दुकान पोराच्या हवाली केलेले, पासष्टीचे अप्पा कपाळाला भस्म, अंगात पायजमा-सदरा आणि पायांत कॅनव्हासचे बूट घालून येत. मंडळाने दिलेल्या पिवळ्याजर्द टी-शर्टची त्यांनी घडीसुद्धा मोडली नव्हती. "ते घालून पळालो तर गिऱ्हाईक म्हणतेल, अप्पाला हळद लागली."

ते सगळ्यांत मागे. अध्यक्षांनी एकदा टोकलं, "अप्पा, वेग वाढवा."

"कशाला साहेब? फुडं काय पंगत उठायलीय का?"

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर बहिणीच्या आग्रहाने मंडळात आलो. पत्नी जाऊन वर्षही झालं नव्हतं. थोडे दिवस पळालो, मग एका सकाळी उठावंसंच वाटेना. दुसऱ्या दिवशीही नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझी रीतसर काळजी घेतली गेली: उगवते सूर्य, जोडलेले हात, 'सकारात्मक राहा सर'. सूर्य पाठवणाऱ्यांपैकी दोघे माझ्याच गल्लीत राहत.

आठव्या दिवशी सकाळी दार वाजलं.

"सर, हायत का घरात?"

"अप्पा, आज मला जमणार नाही."

"मंग बसू. मला बी पळायचा लई कंटाळा आलाय."

चहा त्यांनीच टाकला. साखर शोधताना एकेक डबा उघडून विचारू लागले, "वैनी कशात काय ठिवत होत्या?" इतक्या महिन्यांत तिच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, जो तो विसरायला सांगत होता. मी डब्यांपासून सुरुवात केली आणि तासभर बोलत राहिलो. अप्पा असे चार दिवस आले. पाचव्या दिवशी मीच बूट घालून दारात उभा होतो.

पुढे मंडळाने मानसिक आरोग्यावर कार्यक्रम ठेवला. भलामोठा फलक, त्यावर अध्यक्षांचा हसरा फोटो. विषय 'ताणमुक्तीची गुरुकिल्ली', वक्ते स्वतः अध्यक्ष. सभागृह भरलं, वक्ते येईनात. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

"सर, साहेब यायचे न्हाईत. मी त्येंच्या घरीच हाय. रडायलेत."

"मग इथे काय सांगू?"

"सांगा कायबी. हारतुरे उरका तुमी. हितं घाई न्हाई."

अध्यक्षांना तातडीने परगावी जावं लागल्याचं मी जाहीर केलं. त्यांच्या कार्यव्यग्रतेला टाळ्या पडल्या.

पुढच्या आठवड्यापासून अध्यक्ष मागे, अप्पांच्या चालीने पळू लागले. त्यांना काय झालं होतं, ते मी अप्पांना खोदून विचारलं. अप्पा म्हणाले, "तुमचं कुणाला सांगितलं का मी?"

गेल्या उन्हाळ्यात अप्पा झोपेतच गेले. शोकसभेत अध्यक्ष बोलायला उठले, तेव्हा त्यांच्या लांबलचक भाषणांच्या सवयीने आम्ही खुर्च्यांत ऐसपैस टेकून बसलो. "अप्पा माझ्या घरी आले होते," एवढंच म्हणून ते खाली बसले. मग मागच्या रांगेतून एक तरुण इंजिनिअर उठला. "माझ्याही." पाठोपाठ बँकेतल्या बाई उठल्या. मग आमच्यातला सर्वांत वेगाने पळणारा गडी उठला.

खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, अप्पा फक्त माझ्याकडेच आले होते. अर्धं सभागृह उभं राहिल्यावर मीही उठलो.