खाणीत लागलेला झरा

गेल्या मार्गशीर्षात आई म्हणाली, "मला त्या खाणीवर ने रं एकदा."

मी भिसेगावात राहतो. ती गावी, कडावच्या पुढे, एकटीच. टेकडीमागची दगडखाण बंद पडून बरीच वर्षं झाली. आता तिथे तळं झालंय, रविवारी मुंबईची माणसं गाड्या लावून फोटो काढतात. आई मात्र तिकडे कधी फिरकली नव्हती.

खडीच्या जुन्या रस्त्याने आम्ही चालत निघालो. गुडघे दुखत असूनही तिने कुठे टेकायचं नाव काढलं नाही.

त्या खाणीच्या वजनकाट्यावर मी कारकून होतो. नोकरी लागली तेव्हा आईने पेढे वाटले होते. दुसऱ्याच उन्हाळ्यात सुरुंगाने कातळ फुटला आणि आत झरा लागला. त्याच आठवड्यात आमची विहीर आटली, मग शेजारच्या चुलतीची. गावाने तक्रार केली. तपासणी होणार म्हणून मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू गावचाच आहेस. लिहून दे, या विहिरी दर उन्हाळ्यात आटतातच."

आमची विहीर मी कधीच आटलेली पाहिली नव्हती. तरी लिहून दिलं, खाली सही केली. पुढे पंपांना पाणी आवरेना, तेव्हा मालक यंत्रं उचलून निघून गेला आणि माझी नोकरीही गेली. गावातल्या बाया अजून उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे लावतात.

तळ्याच्या कडेला कातळातल्या फटीतून झरा वाहत होता. आईने ओंजळ भरली, प्याली, पुन्हा भरली.

"आपलंच पानी हाय."

"चवीवरून कसं कळणार, आई?"

"लगीन होऊन आल्यापासनं शेंदलंय मी." ती खडकावर बसली. "तुजा कागुद तलाठ्यानं चावडीवर वाचून दाखवला व्हता."

इतकी वर्षं मी समजत होतो, तिला ठाऊक नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"घरात पगार येत व्हता. मीबी गप ऱ्हायले." ती पाण्याकडे बघत राहिली. "तुजी चुलती त्या दिसापासनं माज्याशी बोलली नाय. मरेस्तोवर."

त्या दोघींचं बांधावरून बिनसलंय, असं मी बायकोलाही सांगत आलो होतो.