चाळीस ठिपक्यांचा चेहरा

माझ्या भावाला बाजारात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला 'तीनशे' म्हणतात. आमचं फोटो छापायचं दुकान आहे; छपाई तो करतो, फ्रेमा मी करते. कुणी मोबाइल पुढे करून "हा जरा मोठा करून द्या" म्हणालं, की दादा आधी त्या फोटोचे ठिपके मोजतो. मोबाइलमधला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या ओळी. कागदाच्या एका इंचात असे तीनशे ठिपके बसले तर छपाई नितळ येते. कमी पडले की फोटो फाटतो, असं आम्ही म्हणतो. कागद शाबूत असतो, चेहऱ्याच्या मात्र चिंध्या होतात.

"तीनशे भरत नाहीत. पोस्टकार्डाएवढा देतो, त्याच्या वर नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक वाद घालतं, मोबाइलवर किती छान दिसतोय म्हणून दाखवतं. मग दादा शांतपणे सांगतो, "एका डब्यात दार रंगवून होतं. त्याच डब्यात अख्खी भिंत रंगवायला निघालात तर खालची वीट दिसणारच." आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे पटतं सगळ्यांना, पण आवडत कुणालाच नाही. आलेल्या माणसाला नाही म्हणण्यात दादाचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. मी आतून ओरडते, "दे की करून, त्यांच्या भिंतीवर लागणारे, तुझ्या नाही!" त्याच्या कानावरून वारा जातो.

तसा तो भांडखोर नाही, उलट स्वप्नाळूच. दुपारी मशीन चालू करून तिच्यापुढे बसतो. कागद इंचाइंचाने बाहेर येत असतो, मशीन एका सुरात घुमत असते, आणि दादा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत असतो. आधी केस येतात, मग कपाळ, मग डोळे. कुणाचंही बाळ असो, कुणाचीही आत्या, त्याला ती माणसं कुठूनतरी चालत आपल्याकडे येताहेत असं वाटतं. त्याने हे मला एकदाच सांगितलं, आणि मी हसले म्हणून पुन्हा नाही सांगितलं. मी हसायला नको होतं.

दुकान बाबांचं. आयुष्यभर ते कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले. दोन बोटांनी माणसाची हनुवटी उचलायची, "इकडे बघा, श्वास सोडा" म्हणायचं, आणि नेमकं तेव्हा बटण दाबायचं. आई शेजारच्या टेबलावर पासपोर्टचे फोटो कात्रीने कापायची. ती रेघ मारत नसे, तरी एक फोटो वाकडा जात नसे. बाबा चष्मा कपाळावर सरकवून दुकानभर चष्मा शोधायचे आणि आई मान वर न करता म्हणायची, "काखेत कळसा." बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आईच्या डोळ्यांचा पडदा त्याआधीपासूनच झिजत होता.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की चष्म्याने आता काही होणार नाही, उरलंय तेही वर्षभरात जाईल. आईला आम्ही सांगितलं नाही, पण तिला कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मला ह्यांचा एक फोटो मोठा करून द्या. भिंतीवरचा, चांगला मोठा. अलीकडे डोळे मिटले की ह्यांचा आवाज येतो, चेहरा येत नाही. डोळे आहेत तोवर एकदा नीट बघून ठेवू दे."

आता गंमत बघा. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीचे फोटो काढले, त्याचा स्वतःचा धड फोटो नाही. लग्नातला आहे, पण आई म्हणते, "त्या पोराबरोबर मी थोडेच दिवस राहिले, म्हाताऱ्याबरोबर जास्त." ओळखपत्रावरचा आहे, तर म्हणे, "तो माणूस नाही, पुरावा आहे." राहिला एकच. एक नवरा-बायको पासपोर्टच्या फोटोला आले होते. बाबा नवऱ्याची हनुवटी सरळ करत होते, तेव्हा बायकोने सहज मोबाइलवर टिपलेला. तो या फोनवरून त्या फोनवर उड्या मारत आमच्याकडे आला आणि प्रत्येक उडीत थोडा झिजला. मूळ फोटो मिळेल म्हणून दादा त्या बाईंच्या घरी जाऊन आला. फोन केव्हाच पाण्यात पडून गेला होता.

दादाने ठिपके मोजले. सगळा फोटो सहाशे चाळीस ठिपके रुंद, त्यात बाबांचा चेहरा जेमतेम चाळीस. आठवडाभर तो त्या चाळीस ठिपक्यांपुढे बसून होता. एकदा त्याने सॉफ्टवेअरला मधल्या जागा भरायला सांगितल्या. पडद्यावर गुळगुळीत गालांचा एक गृहस्थ आला. "हे कोण?" मी विचारलं. दादाने तो लगेच पुसला. म्हणाला, "मशीनने मनाने भरलंय. आई उरलेल्या नजरेने परक्या माणसाला बघत बसेल गं."

शेवटी त्याने आपल्या हिशोबाने केला. दोन इंच रुंद, तीनशेच्या तीनशे, अगदी नितळ. त्यात बाबांचं डोकं आगकाडीच्या गुलाएवढं. मी त्याला बारीकशी फ्रेम केली आणि आम्ही दुकानावरच्या घरी, आईकडे गेलो. आईने फोटो हातात घेतला, बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "छान आलाय हो," ती म्हणाली, "अगदी जसेच्या तसे."

तिने तो उलटा धरला होता.

मी दादाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. त्याला शिव्या घालायच्या म्हणून ओठांवर आलेले शब्द मी गिळले, कारण त्याचा चेहरा मला बघवेना. खाली येऊन तो मशीनपुढे बसला. मग म्हणाला, "मी कागदाचेच ठिपके मोजत बसलो. बघणाऱ्याचे डोळे मोजलेच नाहीत." आणि थोड्या वेळाने, "तुझ्याकडची सगळ्यात मोठी फ्रेम काढ."

त्या दुपारी 'तीनशे' म्हणवणाऱ्या माणसाने चाळीस ठिपके दोन फूट रुंद कागदावर पसरले. काही भरलं नाही, काही गुळगुळीत केलं नाही. कागद सरकत होता, मशीन घुमत होती, आणि बाहेर नुसते चौकोन येत होते, कोटाच्या बटणाएवढे. तपकिरी, राखाडी, मध्येच एक काळसर पट्टा. मी शेजारी उभी राहून शोधत होते. ना नाक, ना डोळे. "माझ्या जन्मातली सगळ्यात वाईट छपाई," दादा म्हणाला. मला वाटलं, हे आईला दाखवण्यापेक्षा न दाखवलेलं बरं. पण तो फ्रेम उचलून जिना चढायला लागला होता.

वरची आमची खोली लांबलचक आहे. आई पलीकडच्या टोकाला, खिडकीपाशी खुर्चीत डुलकी घेत होती. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर होता. आम्ही अलीकडच्या भिंतीवर फ्रेम टांगली आणि तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो. इतक्या जवळून मला चौकोनांशिवाय काही दिसत नव्हतं. "आई," दादाने हाक मारली. 

आईने डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मधोमध. खुर्चीत सावरून बसली, पदर नीट केला.

"अहो," ती म्हणाली, "चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

आम्ही दोघं त्या काळसर पट्ट्याकडे बघत राहिलो. मग खोली ओलांडून आईकडे निघालो, मागे वळून बघत, आणि प्रत्येक पावलागणिक चौकोन एकमेकांत मिसळत गेले. दादाने स्वतःचा चष्मा काढला. आईच्या खुर्चीपाशी पोचून मी वळले, तेव्हा समोर बाबा होते. दमलेले, थोडे वैतागलेले, कपाळावर चष्मा. मला रडू आवरलं नाही.

आईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती त्यांच्याशीच बोलत होती. "आता दुकानभर शोधत बसाल," म्हणाली.