चिनीकाकांचा कौल

चिनीकाकांना कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असे. "थांबा, विचारून येतो." मग ते आतल्या खोलीत जात. नवख्या माणसाला वाटे, बायकोला विचारायला गेले. बायको, म्हणजे आमच्या सुधाकाकू, त्या माणसासमोरच मटार सोलत बसलेल्या असत. "मला नाही हो विचारत," त्या सांगत. "चाळीस वर्षांत एकदाही नाही. तुम्ही चहा घ्या." तेवढ्यात आतून तीन नाणी फरशीवर पडल्याचा आवाज येई. एकदा, दोनदा, मोजून सहा वेळा. मग पानं उलटल्याचा. मग काका बाहेर येऊन सांगत, की आज केस कापायला जायला हरकत नाही. किंवा, रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊ, पण भात खाणार नाही.

ही गोष्ट बडोद्याच्या अकोट्यातली. विश्वामित्री नदीपासून चालत पाच मिनिटांवर आमची इमारत. सगळ्यात वरच्या मजल्यावर काका-काकू, त्यांच्या खाली आई आणि मी, आमच्या खाली सोसायटीचे सेक्रेटरी जिग्नेशभाई. तळमजल्यावर हंसाबेन आणि अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान रमणभाई. सगळे काकांना चिनीकाकाच म्हणायचे. नव्या भाडेकरूंना वाटे, यांना साखरेचा त्रास असणार, आणि मग ते काकांना बिनसाखरेचा चहा देत. काका तो मुकाट्यानं पीत. "आला तसा घ्यावा," म्हणत.

काका रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. जन्मभर लाल आणि हिरवा, तिसरं काही नाही. निवृत्त झाले आणि महिन्याभरात जुन्या बाजारातल्या रद्दीच्या ढिगात त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. प्राचीन चीनमधले राजे आणि प्रधान, काय करावं हे सुचेनासं झालं की कौल कसा लावत, त्याचं ते पुस्तक. तीन नाणी सहा वेळा टाकायची. दर खेपेला एक रेघ काढायची, अखंड किंवा मधे तुटलेली. सहा रेघांची एक आकृती होते. अशा आकृत्या चौसष्ट, आणि प्रत्येकीखाली, अशा वेळी शहाण्या माणसानं कसं वागावं त्याचा उपदेश. नाणी मात्र काकांनी घरचीच वापरली, आजोबांनी जपलेले संस्थानच्या वेळचे तांब्याचे तीन पैसे. "चीनच्या प्रश्नांना चिनी नाणी," ते म्हणत. "माझे प्रश्न बडोद्याचे आहेत."

या पुस्तकात एक खोट होती. मधली बरीच पानं वाळवीनं खाल्ली होती. चौसष्टपैकी एकोणचाळीस आकृत्यांची उत्तरं शाबूत होती. उरलेल्या पंचविसांतली एखादी पडली तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं.

"ते वाळवीला माहीत," काका म्हणाले.

"काका, मोबाइलवर सगळं पुस्तक मिळेल. मी छापून आणून देते."

त्यांनी घाईनं हात हलवला. "नको नको. सगळी उत्तरं असलेलं पुस्तक घरात ठेवणं बरं नाही."

सोसायटीचं चेअरमन व्हायला कुणी तयार नव्हतं तेव्हा काका विचारून आले आणि तयार झाले. त्यांच्या कारकिर्दीत सभेला सगळे झाडून हजर असत, कारण एक आकृती वारंवार पडे. आभाळात ढग चढलेत, पाऊस अजून यायचाय, तोवर शहाण्यानं खाऊन-पिऊन आनंदात असावं, असा काका तिचा अर्थ सांगत आणि सगळ्यांसाठी सेव-उसळ मागवत. पाण्याच्या टाकीचा प्रश्न अशा चार सभा पुढे गेला. पाचव्या सभेत जिग्नेशभाईंनीच विचारलं, "काका, आजे पण ढग छे ने?"

लिफ्ट बंद पडली तेव्हा डोंगरावर डोंगर अशी आकृती पडली. म्हणजे थांबा, हलू नका. काकांनी दुरुस्तीवाल्याला परत पाठवलं. चार महिने सगळी इमारत जिना चढत राहिली. आईच्या गुडघ्यांनी काकांना काय काय शिव्या दिल्या ते आई मोठ्यानं बोलून दाखवायची, तेही काकांच्या दारासमोर. आणि एका मंगळवारी लिफ्ट आपोआप सुरू झाली. कुणी हात लावला नव्हता. दोन दिवस भीतीनं कुणी आत शिरेना. तिसऱ्या दिवशी जिग्नेशभाई शिरले आणि ती दोन मजल्यांच्या मधे थांबली. काका फटीशी वाकून म्हणाले, "जिग्नेशभाई, शांती राखा. आत्ता काही करू नका."

आतून आवाज आला, "काका, अहीं करवा जेवुं छे शुं?"

तिथे करण्यासारखं काही नाही हे काकांनी मान्य केलं आणि दुरुस्तीवाल्याला फोन केला. आपलं चुकलं असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. "डोंगरालाही कधीतरी दुरुस्तीवाला लागतो," एवढंच म्हणाले.

मग ते पुराचं वर्ष आलं. त्या सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं, साडेदहाला गुडघाभर. आम्ही सगळे जिन्यात जमलो होतो आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. जिग्नेशभाईंचं म्हणणं, ट्रॅक्टर बोलवा आणि सगळे अलकापुरीला माझ्या साळ्याकडे चला. हंसाबेनचं म्हणणं, सत्तावीस वर्षांत पाणी तिसऱ्या पायरीच्या वर आलेलं नाही, रमणभाईंना हलवलं तर त्यांचा जीव जाईल. आई म्हणाली, न हलवलं तरी जाईल. हंसाबेन रडायला लागल्या. मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"थांबा," काका म्हणाले. पण या वेळी ते वर गेले नाहीत. पुस्तक आणि नाणी खिशातच होती. ते पायरीवरच बसले आणि नाणी टाकू लागले. पाचव्या खेपेला एक पैसा उडाला, दोन पायऱ्या उतरला आणि गढूळ पाण्यात गेला. जिग्नेशभाईंनी पाण्यात हात घालून चाचपलं. मिळाला नाही. तेव्हा हंसाबेननी डोळे पुसत रमणभाईंची रक्तदाबाची गोळी पुढे केली. तिच्या एका बाजूला रेघ होती, दुसरी बाजू कोरी. काकांनी ती नीट उलटसुलट पाहिली आणि उरलेल्या दोन रेघा दोन पैसे आणि एक गोळी टाकून काढल्या. कुणी हसलं नाही. आज लिहिताना मला नवल वाटतं, आम्ही अकरा शहाणी माणसं, पायांशी नदी, आणि आम्ही श्वास रोखून एका गोळीकडे बघत होतो.

आकृती पुरी झाली. पाण्यावर पाणी. काकांनी पानं उलटली, परत उलटली.

"हे पान नाही," ते म्हणाले.

"नथी एटले?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

"नाही म्हणजे खाल्लंय. वाळवीनं."

काकांनी पुस्तक मिटून सदऱ्यात घातलं. मग ते उठले, माझ्याकडे वळले आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "मेधा, वर जा. कपाटामागे माझ्या झेंड्या आहेत. लाल आणि हिरवी, दोन्ही आण. जिग्नेशभाई, पलंगाची फळी काढा. रमणभाईंना वर घ्यायचंय. आत्ता."

पुढची वीस मिनिटं काका परत सिग्नल इन्स्पेक्टर होते. मधल्या वळणावर उभे राहून त्यांनी हिरवी दाखवली की आम्ही दोन पायऱ्या चढायचो, लाल दाखवली की जागच्या जागी थांबून श्वास घ्यायचा. फळीवर आडवे रमणभाई पायाच्या काळजीनं स्वतः सूचना देत होते, "धीमे, धीमे, अरे मारो पग!" जिग्नेशभाईंच्या दिवाणखान्यात फळी टेकली तेव्हा हंसाबेनची तिसरी पायरी दिसेनाशी झाली होती. दुपारी त्यांचा फ्रिज तरंगत दाराबाहेर आला.

त्याच्या मागोमाग मगर आली. विश्वामित्रीच्या मगरी बडोद्याला काही नव्या नाहीत, पण ती जिन्याच्या मधल्या वळणावर, काका सकाळी उभे होते त्याच फरशीवर, चढून बसली. चांगली आठ फुटी. जिग्नेशभाईंनी बांबू काढला.

"काही करायचं नाही," काका म्हणाले.

"काका, ए मगर छे!"

"दिसतंय मला. आपल्या घरात पाणी शिरलंय आणि तिचं पाणी घर सोडून बाहेर आलंय. पंचाईत दोघांची सारखीच आहे. तिला विचार करू द्या."

त्यांनी सात पायऱ्या वर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि मांडीवर लाल झेंडी घेऊन बसले. ते दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होते. काकू वरून चहा आणून देत, मगरीकडे बघत नसत. एकदा मगरीनं जबडा उघडला. काकांनी झेंडी दाखवली. तिनं जबडा मिटला. ती आपलं आपण मिटणारच होती असं मी म्हणते, पण जिग्नेशभाई अजूनही ते ऐकून घेत नाहीत. दुसऱ्या दुपारी पाणी ओसरलं, मगर वळली आणि एकेक पायरी उतरून निघून गेली. दोर आणि जाळी घेऊन मगरी पकडणारी मंडळी आली तेव्हा त्यांना जिन्यात फक्त काका सापडले, खुर्चीत घोरत पडलेले.

पुढे एकदा मी विचारलं, "काका, पान नाही म्हटल्यावर काय वाटलं तुम्हाला?"

"भीती वाटली," ते लगेच म्हणाले. "आणि बरंही वाटलं. आता चूक झाली तर ती माझी होणार होती. चिनी लोकांची नाही."

त्यानंतरच्या वर्षी वाघोडियातला आमचा कारखाना विकला गेला. मी तिथल्या प्रयोगशाळेत होते. नवे मालक म्हणाले, हैदराबादला या, नाहीतर घरी बसा. आठ दिवसांची मुदत. मी रडकुंडीला येऊन काकांकडे गेले आणि म्हटलं, कौल लावा.

"प्रश्न लिहून आण," काका म्हणाले. "एका ओळीत. आणि त्यात 'किंवा' नको."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तीन दिवस लागले. पगाराबद्दल लिहिलं, खोडलं. नोकरी सोडावी का, लिहिलं, खोडलं. चौथ्या दिवशी कागद घेऊन गेले. त्यावर लिहिलं होतं, 'आई एकटी राहू शकेल का?'

काकांनी कागद वाचला आणि मला परत दिला. नाण्यांना हातसुद्धा लावला नाही.

"हे आईला विचार की."

बाबा गेल्यापासून नऊ वर्षं मी हा प्रश्न मनात घेऊन हिंडत होते आणि आई रोज माझ्यासमोर बसून भाजी निवडत होती. मी खाली गेले आणि विचारलं. आईनं हातातली गवार खाली ठेवली.

"खरंच जातेस?" ती म्हणाली. "म्हणजे तुझी खोली मला मिळेल? अगं, सकाळी ऊन तिकडेच येतं."

मी जरा वेळ रागावून बसले. मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की वरून काकूंनी हाक मारून विचारलं, काय झालं.

काका गेल्या फाल्गुनात गेले. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला पोचता आलं नाही. आईनं फोनवर सांगितलं, की बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, दोन सख्खे भाऊ आले होते, एकमेकांशी अबोला धरलेले. एकाला काकांनी दुकान विकू नकोस असं सांगितलं होतं, दुसऱ्याला विकून टाक. दुकान एकच. दोघंही काकांच्या फोटोपुढे ओक्साबोक्शी रडले आणि एकाच रिक्षानं घरी गेले.

मला ते दिसतात ते मी हैदराबादला निघाले त्या दिवशीचे. ते मला स्टेशनवर पोचवायला आले होते. माझी बॅग उचलून डब्यात चढले, बर्थखाली सारली, पंखा चालतो का ते बटण दाबून पाहिलं, समोरच्या बाईंची चौकशी केली. गाडी सुटली.

"काका, गाडी सुटली!"

"हो, कळलं," ते म्हणाले आणि खिडकीपाशी बसले.

तिकीट तपासनीस आला. काकांनी त्याला सांगितलं, "मी हिला पोचवायला आलोय."

"कहाँ तक?"

"वो अभी तय नहीं हुआ."

तो काकांकडे बघत राहिला. मग काकांनी सिग्नलच्या कुठल्याशा जुन्या केबिनचं नाव काढलं, त्याचे वडील तिथेच कामाला होते असं निघालं, आणि भरूच येईपर्यंत दोघं त्या केबिनबद्दलच बोलत राहिले. भरूचला काका उतरले, फलाटावरून धावत जाऊन खारी शिंग, म्हणजे तिथले खारे दाणे, घेऊन आले आणि पुडी खिडकीतून माझ्या हातात कोंबली.

"नीट राहा," ते म्हणाले. दुसरं काहीच नाही. मी उपदेशाची वाट बघत होते.

माझी गाडी हलली. काका वळले. पलीकडच्या फलाटाला एक गाडी उभी होती, पूल चढून उतरेपर्यंत ती सुटेल असं मला वाटलं. पण त्यांनी ती गाठली, दांडा धरला आणि चढले. ती सुरतेला, बडोद्याच्या उलट्या दिशेला, जाणारी होती. तेहतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला बडोदं कुठल्या बाजूला आहे हे कळत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हैदराबादला पोचल्यावर काकूंना फोन केला. काका सकाळी घरी आले होते, सुरतेच्या मिठाईचा, घारीचा, खोका घेऊन.

"सुरतेला कशाला गेलात म्हणून विचारलं नाहीत?"

"विचारलं ना," काकू म्हणाल्या. "म्हणे, गाडी समोर उभी होती."