कुसुमचा प्रवेश

वर्गात कुणी तावातावानं मुद्दा मांडू लागलं, की सर चष्मा कपाळावर चढवायचे. "थांब बे. समोरचा काय म्हणते, ते आधी आयक." मग समोरच्याची बाजू ते स्वतःच अशी मांडत, की आधीचा मुकाट खाली बसे. असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं लॉ कॉलेजही नवं. मी तिथं नुकताच शिकवायला लागलो होतो. सर आमच्यात ज्येष्ठ. आपल्या मुलांनी एलएल.बी.वर न थांबता नागपूरला एलएल.एम.ला जावं, ही त्यांची तळमळ. प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी ते घरच्या ओसरीवर करून घेत. "ते आपल्या बोलीले हसतीन. हसू द्या. कायदा चुकू नका."

त्या ओसरीवर त्यांची मुलगी कुसुमही असे. कॉलेजातली एकटी मुलगी. वर्गात सर तिला "अहो बाई" म्हणत, घरी "माय". एकदा भर वर्गात तिनं त्यांनाच अडवलं, "सर, समोरचा काय म्हणते ते तं आयका!" सर खडूसकट टाळ्या वाजवत हसले.

नागपूरला तिची निवड झाली. सरांनी मला पेढा दिला.

त्याच आठवड्यात, मी ओसरीवर असतानाच, जळगाव जामोदहून त्यांचे थोरले भाऊ आले. आईवडील लवकर गेल्यावर शेतात राबून त्यांनीच सरांना शिकवलं होतं. मोताळ्याचं एक स्थळ ते ठरवूनच आले होते.

"लय शिकली पोरगी. आता लगन करून टाकू," ते म्हणाले.

कुसुम दारात उभी होती. "बाबा, तुम्ही बोला ना."

सर भावाच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दादा म्हणतीन तसं."

कुसुम आत निघून गेली. मला राहवलं नाही. फाटकापाशी विचारलं, "सर, काऊन बोलले नाही?"

"त्याच्या जिवावर बोलाले शिकलो. त्याच्यापुढं कसा बोलू?"

लग्न झालं. पहिल्याच बाळंतपणात कुसुम गेली. बाळही राहिलं नाही.

आम्ही मोताळ्याला पोचलो, तेव्हा थोरले भाऊ अंगणात बसून रडत होते. सरांना पाहताच त्यांनी त्यांचा सदरा धरला. "तू एक शब्द बोलला असता, तं मी मोडलं असतं रे ते लगन. मले काय ठाऊक तिले नागपूरले जायाचं होतं?"

सर त्यांच्याजवळ मातीत बसले.

पुढे ते शिकवत राहिले. हिंदू कायद्यातलं विवाहाचं प्रकरण आलं, तेव्हा फळ्यावर त्याचं नाव लिहून ते वर्गाबाहेर आले आणि खडू माझ्या हातात दिला. "हे तुम्ही घ्या." त्यानंतर दरवर्षी ते प्रकरण मीच घेतलं.

निवृत्तीनंतर ते जळगाव जामोदला भावाजवळ राहायला गेले. एकदा तिथल्या एसटी स्टँडवर भेटले. माझा हात हातात घेऊन विचारलं, "औंदा नागपूरले कोणी पोरगी गेली का?"

"गेली, सर. संग्रामपूरची."

"सोडाले कोण गेलं होतं?"

"तिचे वडील."

सर नुसती मान हलवत राहिले. गाडी लागली, म्हणून मला हात सोडवून घ्यावा लागला. गाडी वळेपर्यंत ते तसेच उन्हात उभे होते.

पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू झाले, तेव्हा सर राहिले नव्हते.