काकांच्या पानावर कोण आलं?

"आता गपगुमान दलालालाच घाला तांदूळ... ह्या पोरीच्या डब्यात काय राम न्हाई."

पडवीत बसलेल्या बचत गटातल्या बायकांपैकी कुणीतरी हे हळूच म्हणालं. मी ऐकलं, पण लॅपटॉपवरून मान वर केली नाही. विंझरला, काकूंच्या घरी, सकाळची गोष्ट. काकूंच्या बचत गटाने यंदा पहिल्यांदाच दलालाला नाही म्हटलं होतं. सगळा इंद्रायणी तांदूळ माझ्या वेबसाईटवर विकायचा होता. आणि विक्री सुरू झाली त्याच दिवशी कुणीतरी सर्व्हरवर खोट्या रिक्वेस्टचा असा मारा केला, की खऱ्या गिऱ्हाइकाला पानच उघडेना.

पुढे घडलं तशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता — आता आहे, असंही म्हणणार नाही. दिसलं तेवढंच लिहिते.

नको त्या रिक्वेस्ट अडवणाऱ्या फायरवॉलचे नियम पुन्हा पुन्हा तपासले. सगळे बरोबर, तरी मारा थांबेना. शेवटी एरर लॉग, म्हणजे सर्व्हरची चुकांची नोंदवही, उघडला. त्यात एकच ओळ वेगळी दिसली. कुणीतरी 'काका' नावाचं पान मागितलं होतं.

ते पान मी काकांसाठी बनवलं होतं. साईट तयार होत असताना ते रोज चहा पिता पिता मोबाईलवर उघडून बघायचे. त्याचा पत्ता आम्हा दोघांनाच माहीत. गेल्या वर्षी काका वारले, तेव्हा मी ते पान काढून टाकलं.

त्या ओळीतला आयपी ॲड्रेस, म्हणजे पान मागणाऱ्या यंत्राचा पत्ता, लांबलचक होता... नव्या प्रकारचा, आयपीव्ही सिक्स. आणि माझे सगळे नियम जुन्या आयपीव्ही फोरसाठी! नवी बाजू मी सताड उघडी ठेवली होती. मारा तिथूनच येत होता. तिकडेही नियम लावले, आणि थोड्या वेळाने पहिली खरी ऑर्डर आली. पडवीत एकच गलका.

मी आत गेले. काकूंच्या ट्रंकेत काकांचा मोबाईल त्यांच्या टोपीत गुंडाळलेला होता. बंद. सिमही केव्हाच बंद केलेलं.

आता ऑफिसात सगळे म्हणतात, एखादा बॉट असेल, आपोआप पानं चाळत फिरणारा प्रोग्राम. बॉटला ते पान कसं माहीत, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

त्या दिवशी फोन माझ्या हातात असतानाच काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं बाई... त्यांचा फोन कशाला काढलास?"

काका गेले तेव्हा मी काकूंजवळ नुसती बसून होते, एक शब्द बोलले नव्हते. आता मात्र मोठ्याने म्हणाले —

"काकू, काका आले होते. माझं काम बघून गेले."