सणाचं पांढरं लुगडं

आमची आई कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती, आणि मी तिचीच मुलगी. म्हणून सरळ सांगते, त्या दिवशी चूक झाली ती आमच्या दोघींची झाली.

अठ्ठ्याऐंशीचा पावसाळा. चंद्रपूरला कोळसा खाणीच्या चाळीत आमच्या शेजारी बिहारचा एक कामगार राहायचा, बाबांच्याच पाळीत. बायको आणि तीन वर्षांची पोरगी गावाकडे. तिकडे भूकंप झाल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हापासून तो तारा करत होता, उत्तर एकाही तारेला नाही. शेवटी म्हणाला, जाऊनच बघतो. वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांनी त्याच्यासोबत द्यायला तांदूळ, चादरी, कपडे जमवले. मी नुकतीच मास्तरीण झालेली, त्यामुळे गाठोडी माझ्या ताब्यात. कोणी फाटकं आणलं की मी परत पाठवायची. भीक घालायची होती का आपल्याला?

आईने ट्रंकेतून आपलं पांढरं लुगडं काढलं. बुद्धपौर्णिमेला एकदाच नेसलेलं, घरातलं सगळ्यात चांगलं. "हे त्याच्या बायकोले," म्हणाली. मीच नीट घडी करून वर ठेवलं.

निघताना त्याने गाठोडं उघडलं आणि त्याचा हात थांबला.

"भाभी, मैं तो अभी जिंदा हूँ."

कापलं तरी आमच्या अंगातून रक्त निघालं नसतं. त्यांच्यात पांढरं कोण नेसतं हे काय आम्हाला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण आमच्याकडे पांढरं म्हणजे सण, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. आई लुगडं ओढून घ्यायला गेली, तर त्याने गाठच मारली. "रहने दो भाभी, कपडा है," म्हणाला आणि स्टेशनवर गेला.

"आपन अपशकुन मानत नाई, मंग काऊन रडून राह्यली?" बाबा म्हणाले.

"मले कुठी काय वाटते? त्याले वाटत असन ना."

दीड महिना पत्र नाही. आई धड जेवेना. मी तिच्यावर चिडायची आणि माझंही ताट अर्धं तसंच राहायचं.

मग एका दुपारी चाळीसमोर ऑटो थांबला. तो उतरला, मागून बायको. अंगावर आमचंच पांढरं लुगडं आणि भांगात कपाळापासून भरलेला लालभडक सिंदूर. सगळी चाळ बघतच राहिली. आई तर पळत गेली.

बाई हिंदीत सांगत होती. घर पडलं, होतं नव्हतं ते आत राहिलं. मदतीच्या गाडीवरून कपडे फेकायचे, तिच्या हाती एक मर्दानी कोट लागला. फेकायचे म्हणे! माणसांना असं देतात? हे लुगडं नेसली तर तिचा नवरा गेला म्हणून गावच्या बायका छाती पिटायला लागल्या, आणि नवरा समोर बसून सत्तू खात होता.

आई हसत हसत ऑटोत डोकावली. "अन् पोरगी कुठी हाय?"

बाईने डोक्यावर घ्यायला पदर ओढला. पदर नव्हताच. लुगडं खांद्यापाशीच संपत होतं, टोकाला फाडलेले धागे.

पोरगी भूकंपातून वाचली होती. नंतर ताडपत्रीखाली, पावसात, तापाने गेली. नेलेल्या चादरी चिखलाने भरलेल्या, तिला गुंडाळायला दुसरं स्वच्छ कापड नव्हतं.

"अच्छा हुआ भाभी, आपने दिया था," तो म्हणाला.

आभार मानत होता तो. आई तिथेच रस्त्यावर खाली बसली.